सिडनीचे सुवर्ण आणि उशिरा आलेला मुष्टियोद्धा: ऑडली हॅरिसनचे प्रकरण

व्यावसायिक लढती ३८, विजय ३१, पराभव ७, आणि ३१ पैकी २३ विजय प्रतिस्पर्ध्याला मुदतीआधीच गारद करून मिळवलेले. नाव झाकून हा हिशेब एखाद्या जाणकारापुढे ठेवला, तर तो म्हणेल की हा मुष्टियोद्धा दुसऱ्या फळीतला, पण चांगला असणार. एखादे युरोपीय विजेतेपदही त्याच्या नावावर असावे. ते होतेही. परंतु नावावरचा हात काढला आणि तिथे ऑडली हॅरिसन हे नाव दिसले, की ब्रिटनमधला कोणताही मुष्टियुद्धप्रेमी मान हलवतो. तिथल्या प्रेक्षकांनी त्याच्या नावाची मोडतोड करून ‘फ्रॉडली’ असे टोपणनाव पाडले होते, म्हणजे सरळसरळ फसवा. होतकरू म्हणून डोक्यावर घेतलेले आणि पुढे अपेक्षेला न उतरलेले मुष्टियोद्धे प्रत्येक देशात आणि प्रत्येक पिढीत सापडतात. तरी हॅरिसनचे प्रकरण मला सविस्तर लिहिण्याजोगे वाटते, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी दूरदर्शनच्या पडद्यावर घडली आणि त्यामुळे नेमके कुठे काय बिनसले हे तारीखवार दाखवता येते. माझे म्हणणे आधीच सांगतो. हॅरिसनने कोणाला फसवले नाही. जे शिक्षण मुष्टियोद्ध्याला विशीत, आडबाजूच्या सभागृहांत, कोणाचे फारसे लक्ष नसताना मिळते, ते त्याने तिशीत, साऱ्या देशासमोर, स्वतःच स्वतःचा गुरू होऊन घ्यायचे ठरवले, आणि ते त्या वयात, त्या पद्धतीने पुरे होणे शक्य नव्हते.

हॅरिसनचा जन्म २६ ऑक्टोबर १९७१ चा, लंडनचा. घराणे मूळचे जमैकाचे. शाळेत तो रमला नाही, तरुण वयात गुन्ह्यांपायी त्याला काही काळ कोठडीत काढावा लागला, आणि मुष्टियुद्धाचे हातमोजे त्याने प्रथम चढवले ते साधारण १९ व्या वर्षी. हा आकडा या प्रकरणात पुन्हा पुन्हा समोर येणार आहे. ज्या वयात मुहम्मद अलीने, तेव्हाच्या कॅशियस क्लेने, रोम ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकून झाले होते, त्याच्याही पुढच्या वयात हॅरिसन डावा पाय कुठे ठेवायचा हे शिकत होता. त्याने पुढे ब्रुनेल विद्यापीठातून क्रीडाविषयक पदवी घेतली, लंडनच्या रेप्टन क्लबकडून खेळताना १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे इंग्लंडचे हौशी सुपर हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे, विजेतेपद मिळवले, आणि १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. कोठडीतून विद्यापीठात आणि तिथून राष्ट्रकुलाच्या मंचावर पोहोचलेल्या माणसात जिद्द नव्हती, असे पुढे अनेकांनी लिहिले. मला ते कधीच पटलेले नाही.

सिडनीला २००० साली ब्रिटनने केवळ दोन मुष्टियोद्धे पाठवले होते, कोर्टनी फ्राय आणि हॅरिसन. मुष्टियुद्धाचे नियम जिथे लिहिले गेले त्या देशाची हौशी मुष्टियुद्धात काय अवस्था झाली होती, हे सांगायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. हौशी मुष्टियोद्ध्यांना राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून पोटापुरते तरी पैसे मिळावेत, म्हणजे त्यांना पूर्णवेळ सराव करता येईल, यासाठी हॅरिसन सिडनीच्या आधीपासून आग्रहाने बोलत होता. तिथे त्याने रशियाच्या अलेक्सेई लेझिनला आणि युक्रेनच्या ओलेक्सी माझिकिनला हरवले, उपांत्य फेरीत इटलीच्या पाओलो विडोझवर ३२–१६ असा विजय मिळवला, आणि १ ऑक्टोबर रोजी अंतिम लढतीत कझाकस्तानच्या मुख्तारखान दिलदाबेकोवला ३०–१६ ने नमवले. १९६८ मध्ये मेक्सिकोत ख्रिस फिनेगनने मिळवलेल्या सुवर्णानंतर ब्रिटनला मुष्टियुद्धात मिळालेले हे पहिलेच सुवर्ण होते, आणि सुपर हेवीवेट गटात तर ब्रिटनचे पहिलेच. विजेता साडेसहा फुटांच्या जवळ उंच, डावखुरा, देखणा आणि बोलका होता. त्याने स्वतःच जाहीर केले की हेवीवेटचे जगज्जेतेपद ही त्याची नियती आहे.

या विजयाचे स्वरूप नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही समजणार नाही, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. त्या काळातली ऑलिंपिकची लढत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची असे, म्हणजे एकंदर आठ मिनिटांची. डोक्याला संरक्षक शिरस्त्राण असे. गुण संगणकावर मोजले जात: रिंगभोवती बसलेल्या पाच पंचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली, तरच ठोसा गुणफलकावर चढे. या पद्धतीत ठोसा किती जोरात बसला याला फारशी किंमत नव्हती; तो स्वच्छ बसलेला दिसणे महत्त्वाचे होते. लांब हातांच्या डावखुऱ्या खेळाडूसाठी ही व्यवस्था जणू मापून शिवलेली होती. अंतर राखायचे, समोरच्याला पुढे येऊ द्यायचे, तो येताच सरळ डावा हात लावायचा आणि मागे सरकायचे. हॅरिसन हे उत्तम करी, आणि आठ मिनिटांच्या हिशेबात अशी वाट पाहण्यात शहाणपणच होते. व्यावसायिक मुष्टियुद्धात विजेतेपदाची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटांची असते, शिरस्त्राण नसते, आणि प्रत्येक फेरी दहा गुणांच्या हिशेबाने स्वतंत्रपणे मोजली जात असल्यामुळे वाट पाहत घालवलेली फेरी ही बहुधा गमावलेली फेरी ठरते. हौशी खेळातून व्यावसायिक खेळात येणाऱ्या प्रत्येकाला ही सवय मोडून दुसरी लावून घ्यावी लागते. त्याला वर्षे लागतात, आणि सिडनीच्या मंचावर उभा असलेला हॅरिसन २९ वर्षांचा व्हायला महिनाही उरला नव्हता.

तुलनेसाठी काही वये पाहावीत. जो फ्रेझरने १९६४ मध्ये सुवर्ण जिंकले तेव्हा तो २० वर्षांचा होता, जॉर्ज फोरमन १९६८ मध्ये १९ चा, व्लादिमिर क्लिच्को १९९६ मध्ये २० चा, लेनॉक्स लुइस १९८८ मध्ये २३ चा. यातला सर्वांत थोराड लुइसदेखील हॅरिसनपेक्षा जवळजवळ सहा वर्षांनी लहान वयात व्यावसायिक रिंगकडे वळला. ब्रिटनच्या उत्साहाने ही सहा वर्षे हिशेबात धरलीच नाहीत.

त्या उत्साहाला बीबीसीने पैशाचे रूप दिले. दहा लढतींच्या प्रक्षेपणासाठी दहा लाख पौंड, असा तो करार होता, आणि एकही व्यावसायिक ठोसा न मारलेल्या मुष्टियोद्ध्यासाठी तो अभूतपूर्व होता. हॅरिसनने दुसरा निर्णय घेतला तो याहून अधिक परिणामकारक ठरला, असे मी मानतो. त्याने प्रस्थापित प्रवर्तकांपैकी कोणाशीही करार न करता ‘ए-फोर्स प्रमोशन्स’ ही स्वतःची संस्था काढली आणि स्वतःच्या लढती स्वतःच भरवायला सुरुवात केली. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. मुष्टियुद्धाच्या इतिहासात प्रवर्तकांनी लुबाडलेल्या मुष्टियोद्ध्यांची रांग फार लांब आहे, आणि शिकलेल्या, स्वाभिमानी, कृष्णवर्णीय तरुणाने आपल्या घामाचा पैसा आपल्याच हातात ठेवायचे ठरवले, यात आदर वाटावा असे पुष्कळ आहे. पण प्रवर्तक आणि त्याच्या पदरी असलेला लढती जुळवणारा माणूस केवळ पैशाची वाटणी करत नाहीत.

आपल्याकडच्या कुस्तीचे उदाहरण दिले तर हे पटकन कळेल. तालमीतल्या पोराची जोड कोणाशी लावायची हे पोरगा ठरवत नाही, वस्ताद ठरवतो. या जत्रेत हलकी जोड, पुढच्या फडात बरोबरीची, मग एखादी अशी की पोराला घाम फुटावा आणि तरीही तो मोडू नये. आणि एखादा मल्ल असा, की ज्याच्यापासून वर्षभर तरी दूर राहायचे. वस्तादाला पोराच्या मनातल्या भीतीशी आणि अहंकाराशी देणेघेणे नसते, म्हणूनच त्याचा निर्णय कामाचा असतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात होतकरू मुष्टियोद्धा घडवण्याची रीत तंतोतंत अशीच आहे. हॅरिसनच्या बाबतीत पोरगाही तोच, वस्तादही तोच, आणि फडाचा ठेकेदारही तोच होता. त्याने थेल टॉरेन्स हा अनुभवी अमेरिकी प्रशिक्षक नेमला होता, पण प्रशिक्षक हा शेवटी त्याचा पगारी माणूस होता. ‘आता तुला खऱ्या माणसाशी लढावे लागेल’ असे ठणकावून सांगण्याचा अधिकार असलेले कोणी त्याच्या भोवती उरलेच नाही.

१९ मे २००१ रोजी वेम्ब्लीत झालेल्या पदार्पणात त्याच्यासमोर उभा होता फ्लोरिडाचा माइक मिडलटन, जो पेशाने खासगी गुप्तहेर होता. लढत पहिल्याच फेरीत संपली. पहिल्या लढतीला असा प्रतिस्पर्धी असणे यात काहीही वावगे नाही. जवळजवळ प्रत्येक मोठ्या मुष्टियोद्ध्याची पहिली लढत अशीच असते. फरक असा की त्या लढती पन्नास-शंभर माणसे पाहतात, मुख्य लढतीची गर्दी अजून आत यायची असते. हॅरिसनची ही पहिली पायरी शनिवारी रात्री लाखो घरांत दिसली, आणि ती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला घडणीची लढत आणि कसोटीची लढत यांतला भेद माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढेच दिसले की आपल्या सुवर्णपदकवाल्यासमोर कोणीतरी गुप्तहेर आणून उभा केला आहे, आणि त्यासाठी बीबीसीने घराघरांतून जमा होणाऱ्या परवाना शुल्काच्या पैशातून दहा लाख पौंड मोजले आहेत. दुसऱ्या लढतीत डेरेक मॅकॅफर्टी सहाही फेऱ्या उभा राहिला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढची तीन वर्षे हेच चालू राहिले: विजय वाढत गेले, प्रतिस्पर्ध्यांची प्रत मात्र फारशी वाढली नाही, आणि हॅरिसनची ती वाट पाहण्याची सवय तशीच राहिली, कारण या प्रतिस्पर्ध्यांपुढे ती मोडण्याची गरजच पडत नव्हती. २००४ च्या मार्चमध्ये त्याने नेदरलँड्सच्या रिचेल हर्सिसियाला चौथ्या फेरीत गारद करून डब्ल्यूबीएफ या किरकोळ संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा मिळवला. त्याच वर्षी त्याने हरवलेला ज्युलियस फ्रान्सिस चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. २००५ मध्ये त्याने मुक्काम अमेरिकेत हलवला. खात्यात १९ विजय, पराभव शून्य. वय ३३ उलटून गेलेले. अशा नोंदीला जगज्जेतेपदाची चाहूल म्हणतात, पण या १९ जणांत त्याला खरी अडचणीत आणणारी, म्हणजे काही शिकवणारी माणसे किती होती, हा प्रश्न विचारला की उत्तर फार थोडे येते.

ती कसोटी १० डिसेंबर २००५ रोजी लंडनच्या एक्सेल सभागृहात आली. समोर डॅनी विल्यम्स होता. लंडनच्या ब्रिक्स्टनचा हा मुष्टियोद्धा हॅरिसनहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, पण रिंगच्या दृष्टीने कितीतरी म्हातारा होता: त्याने जुलै २००४ मध्ये लुइव्हिल इथे माइक टायसनला गारद केले होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिटाली क्लिच्कोचा बेदम मारही खाल्ला होता. राष्ट्रकुल विजेतेपदासाठीची ती लढत ज्यांनी पाहिली त्यांना ती आठवते ती तिच्या कंटाळवाणेपणासाठी. दोघेही थांबून होते. फरक एवढाच, की विल्यम्सला थांबण्यातून कधी बाहेर पडायचे हे ठाऊक होते आणि दहाव्या फेरीत त्याने हॅरिसनला खाली पाडले. बाराव्या फेरीनंतर पंचांचा कौल दोन विरुद्ध एक असा विल्यम्सच्या बाजूने गेला. एका पराभवाने कोणाची कारकीर्द संपत नाही. आमिर खानला २००८ च्या सप्टेंबरमध्ये कोलंबियाच्या ब्रेडिस प्रेस्कॉटने ५४ सेकंदांत झोपवले होते. पण खान तेव्हा २१ वर्षांचा होता, त्याने फ्रेडी रोच या प्रशिक्षकाकडे जाऊन नव्याने घडण सुरू केली आणि पुढच्या जुलैमध्ये तो जगज्जेता झाला. विल्यम्सकडून हरलेला हॅरिसन ३४ वर्षांचा होता. नव्याने घडण्यासाठी लागणारा काळ त्याच्या हातात नव्हता, आणि चार महिन्यांनी कॅलिफोर्नियात तो डॉमिनिक ग्विनकडूनही गुणांवर हरला.

ग्विनचे नाव निघालेच आहे तर सांगतो, की तोही याच पंक्तीतला. २००३ मध्ये त्याने मायकेल ग्रँटला हरवले तेव्हा अमेरिकेचा पुढचा मोठा हेवीवेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि वर्षभरात तो ओसरला. खुद्द ग्रँटलाही तसेच डोक्यावर घेतले गेले होते, ते २००० च्या एप्रिलमध्ये लेनॉक्स लुइसने त्याला दुसऱ्या फेरीत संपवेपर्यंत. हेवीवेट गटाला पुढच्या मोठ्या माणसाची भूक कायम लागलेली असते, आणि ती भूक माणसाला पिकू देत नाही.

यानंतरची हॅरिसनची वर्षे उतरणीची म्हणून सांगितली जातात, पण नोंद काळजीपूर्वक पाहिली तर ती तशी सरळ उतरण नाही. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याने ऐनवेळी मिळालेल्या संधीवर विल्यम्सशी पुन्हा लढत घेतली आणि त्याला तिसऱ्या फेरीत गारद केले; त्या रात्री तो वाट पाहत बसला नाही आणि कदाचित त्याच्या साऱ्या व्यावसायिक कारकिर्दीतली ती सर्वोत्तम दहा मिनिटे असतील. दोनच महिन्यांनी वेम्ब्लीत त्याने मायकेल स्प्रॉटला पहिल्या फेरीत पाडले आणि तिसऱ्या फेरीत स्प्रॉटच्या डाव्या हुकवर स्वतः निपचित पडला. २००८ च्या डिसेंबरमध्ये बेलफास्टचा टॅक्सीचालक मार्टिन रोगन याने त्याला गुणांवर हरवले आणि वृत्तपत्रांनी टॅक्सीचा उल्लेख मथळ्यात करण्याची संधी सोडली नाही.

मग आले ‘प्राइझफायटर’, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा इथे आहे. ही स्पर्धा एकाच रात्रीत संपत असे: आठ मुष्टियोद्धे, बाद फेरीची पद्धत, आणि प्रत्येक लढत तीन-तीन मिनिटांच्या केवळ तीन फेऱ्यांची. हॅरिसनने ती २ ऑक्टोबर २००९ रोजी जिंकली, आणि २०१३ मध्ये, ४१ व्या वर्षी, पुन्हा एकदा जिंकली. दुसऱ्या खेपेस त्याने वाटेत रोगनची उसनवारीही फेडली. नऊ मिनिटांची लढत, एका रात्री तीन वेगवेगळे प्रतिस्पर्धी, गुणांकडे लक्ष: हे वर्णन कशाचे आहे? ते हौशी स्पर्धेचे आहे. ज्या खेळात हॅरिसन जगात पहिला होता, त्या खेळाच्या सर्वांत जवळचे रूप समोर येताच तो पुन्हा जिंकू लागला. तो ज्या गोष्टीत निपुण होता तिच्यात अखेरपर्यंत निपुणच राहिला. दुसरी गोष्ट तो कधी पुरती शिकू शकला नाही.

या मताला एक मोठी अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. हॅरिसनचे सर्वांत लाजिरवाणे पराभव लांब लढतींत झालेच नाहीत; ते पहिल्या तीन फेऱ्यांतले आहेत. लढतीची लांबी हे एकमेव कारण असते तर तसे झाले नसते. म्हणून माझा भर लांबीपेक्षा त्या सवयीवर आहे. शिरस्त्राण घातलेल्या, गुण गोळा करायला आलेल्या प्रतिस्पर्ध्याची वाट पाहणे वेगळे, आणि एका ठोशात लढत संपवू शकणाऱ्या माणसाची वाट पाहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात वाट पाहणारा माणूस उभे लक्ष्य होऊन बसतो.

९ एप्रिल २०१० रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये त्याची स्प्रॉटशी दुसरी गाठ पडली, रिक्त असलेल्या युरोपीय विजेतेपदासाठी. लढतीत त्याचा उजवा हात दुखावला आणि जवळजवळ निकामी झाला. गुणांवर तो मागे पडला होता. शेवटच्या, बाराव्या फेरीत उरलेल्या एकमेव डाव्या हाताने त्याने स्प्रॉटला असा ठोसा लावला की लढत तिथेच संपली. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. ज्याला काळीज नाही म्हणून हिणवले गेले त्या माणसाची ही रात्र आहे, आणि हॅरिसनविषयी लिहिणाऱ्याने ती वगळणे मला अन्यायाचे वाटते.

त्या विजयाने त्याला हवे ते दिले, आणि तेच त्याच्या नावाला कायमचे चिकटले. डब्ल्यूबीए संघटनेचा जगज्जेता डेव्हिड हे हा त्याचा एके काळचा मित्र आणि सरावातला जोडीदार. १३ नोव्हेंबर २०१० रोजी मँचेस्टरमध्ये दोघे समोरासमोर आले. हॅरिसनने आठवडेच्या आठवडे सांगितले होते की नियतीने हाच दिवस लिहून ठेवला आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत जवळजवळ काहीच घडले नाही. तिसऱ्या फेरीत डेव्हिड हे पुढे सरसावला आणि लढत थांबवावी लागली. ठोशांची मोजणी करणाऱ्यांनी हॅरिसनच्या नावावर बसलेला असा एकच ठोसा नोंदवला. पैसे भरून पाहणाऱ्या प्रेक्षकांचा संताप इतका होता की ब्रिटिश मुष्टियुद्ध नियामक मंडळाने त्याचे मानधन काही काळ रोखून चौकशी केली आणि नंतर ते दिले. मी ती लढत अनेकदा पाहिली आहे. मला तिच्यात भित्रेपणापेक्षा एक गोठलेला माणूस दिसतो: दहा वर्षे ज्या क्षणाचा उच्चार केला तो क्षण आला, आणि शरीराने तेच केले जे त्याला सर्वांत जुने ठाऊक होते. त्याने अंतर राखले आणि वाट पाहिली.

इथे अँथनी जोशुआची गोष्ट समोर ठेवणे भाग आहे, कारण तोही ब्रिटनचा, तोही सुपर हेवीवेट सुवर्णविजेता, आणि तोही मुष्टियुद्धाकडे उशिरा, १८ व्या वर्षी वळलेला. पण जोशुआला सराव सुरू केल्यावर लवकरच शेफील्डच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, पूर्णवेळ प्रशिक्षकांच्या हाताखाली, लॉटरीच्या निधीवर राहून शिकता आले. २०१२ मध्ये लंडनला सुवर्ण जिंकताना तो २२ वर्षांचा होता. त्याने एका प्रस्थापित प्रवर्तकाशी करार केला आणि १६ व्या लढतीत, एप्रिल २०१६ मध्ये, तो जगज्जेता झाला. हॅरिसन ज्या वयात सिडनीच्या मंचावर चढला, म्हणजे २८ वर्षे आणि अकरा महिने, जवळजवळ नेमक्या त्याच वयात जोशुआ २२ सप्टेंबर २०१८ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर अलेक्झांडर पोव्हेत्किनला हरवून आपले तीन पट्टे राखत होता. एकाची सुरुवात जिथे होते तिथे दुसरा शिखरावर आहे. आणि ज्या निधीवर जोशुआ घडला, त्याच्यासाठी सर्वांत आधी तोंड उघडणाऱ्यांत हॅरिसन होता. सिडनीला दोन मुष्टियोद्धे पाठवणाऱ्या आणि २००४ मध्ये अथेन्सला एकट्या आमिर खानला पाठवणाऱ्या ब्रिटनने बीजिंगला आठ जण पाठवून तीन पदके मिळवली, आणि लंडनला पाच. हॅरिसनच्या नावावरची ही जमेची बाजू त्याच्या व्यावसायिक नोंदीत कुठेच दिसत नाही.

भारतीय वाचकाला या सगळ्यात विजेंदर सिंगची आठवण होणे स्वाभाविक आहे. बीजिंगचे कांस्यपदक त्याने २२ व्या वर्षी जिंकले, पण व्यावसायिक रिंगमध्ये तो उतरला तो ऑक्टोबर २०१५ मध्ये, मँचेस्टरला, तिशीला काही दिवस उरले असताना. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीला त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवले तेव्हा सभागृहातला जल्लोष जगज्जेत्याला साजेसा होता. बारा विजयांची ती माळ मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत तोडली. विजेंदरभोवतीच्या अपेक्षा हॅरिसनइतक्या उंच नव्हत्या आणि त्याला जुळवणी करणारे जाणते प्रवर्तक लाभले होते, त्यामुळे दोघांना एका मापाने मोजणे बरोबर होणार नाही. तरीही पदकाचे वय आणि पदार्पणाचे वय यांतले अंतर आपणही तेव्हा पाहिले नाही.

हॅरिसनची शेवटची वर्षे थोडक्यात सांगता येतात. १३ ऑक्टोबर २०१२ रोजी लिव्हरपूलमध्ये डेव्हिड प्राइसने त्याला ८२ सेकंदांत गारद केले. प्राइस हा बीजिंगचा कांस्यविजेता, म्हणजे नव्या निधीचेच फळ, आणि त्या रात्री ब्रिटनने ठरवून टाकले की पुढचा जगज्जेता हाच. चार महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, त्याच लिव्हरपूलमध्ये ४१ वर्षांच्या टोनी थॉम्पसन या अमेरिकी मुष्टियोद्ध्याने प्राइसला दुसऱ्या फेरीत झोपवले, आणि जुलैमध्ये पुन्हा एकदा हरवले. प्राइस त्यानंतर पूर्वीच्या जागी कधीच परतला नाही. त्याच २३ फेब्रुवारीच्या रात्री लंडनच्या यॉर्क हॉलमध्ये हॅरिसन आपले दुसरे ‘प्राइझफायटर’ जिंकत होता. त्या विजयाने त्याला पुन्हा आशा वाटली. २७ एप्रिलला शेफील्डमध्ये, जिथे ब्रिटनची नवी पिढी घडत होती त्याच शहरात, त्याच्यासमोर डिऑन्टे वाइल्डर आला, आणि ७० सेकंदांत सारे आटोपले. वाइल्डर पुढे २०१५ च्या जानेवारीत जगज्जेता झाला.

त्यानंतरही हॅरिसनच्या मनात पुनरागमन होते. मार्च २०१५ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याने अखेरची निवृत्ती जाहीर केली, आणि तिचे कारण त्याने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले: डोक्यावर बसलेल्या ठोशांनी मेंदूला इजा झाली आहे, दृष्टीवर परिणाम झाला आहे, शरीराचा तोल सांभाळणे कठीण होते, आणि चिडचिड आवरत नाही. ही इजा भरून काढण्यासाठी आता कष्ट घ्यावे लागतील, असेही त्याने लिहिले.